गॅस एजन्सीच्या कॅलेंडरवर

डाव्या डोळ्याभोवती परत तोच गोल,
आठ आण्याएवढा.
बोट फिरवलं तर केस हातात आले,
जुन्या कुलरचा वाळा येतो तसे, सहज.
मी दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी
लाल पेनानं लिहिलं : सांबार, पुन्हा.

सांबार, कारण ती सापडली गोकुळपेठ बाजारात
कोथिंबिरीच्या ओल्या पोत्याखाली,
आणि कोथिंबिरीला आमच्या नागपुरात सांबारच म्हणतात.
पुण्याची वहिनी दर वेळी विचारते,
"म्हणजे इडलीसोबतचं?"
सांबार शेपटी हलवते. तिला दोन्ही चालतं.

पहिल्यांदा जानेवारीत, पुढचे दोन पाय.
दुसऱ्यांदा मे महिन्यात,
डांबर चपलेला चिकटत होतं तेव्हा
ती मोरीच्या फरशीला पोट लावून पडायची
आणि उठली की फरशीवर तिचा आकार राहायचा, खपल्यांचा.
आता ऑगस्ट. पहिला माज नुकताच सरलाय,
आणि कुलरच्या दुकानात माझा पगार अर्धा.

पराते काका कुंपणावरून :
"जळकं ऑइल लाव ना वं, गंधक घालून.
काऊन डॉक्टरले पैसे देऊन राह्यली?"
त्यांच्या मोत्याला लावलं होतं ते.
मोत्याबद्दल मी काही विचारत नाही.

डॉक्टर हेडाऊ बाई कातडी चिमटीत धरतात,
ब्लेडनं खरवडतात, रक्ताचा टिपूस येईपर्यंत.
सांबार ओरडत नाही. माझा अंगठा तोंडात धरते,
चावत नाही, नुसता धरते.
मग बाई म्हणाल्या, या, बघा.
काचेखाली जिऱ्याचे दाणे.
हलणारे.

"हे सगळ्याच कुत्र्यांवर असतात," बाई म्हणाल्या,
"आईला लुचताना येतात, पहिल्या दोन-तीन दिवसांत.
हिला फक्त आवरत नाहीत,
अजून."

आईकडून हिला एवढंच आलं :
एक काळा कान, आणि हे.
तो "अजून" मी गोळीच्या पाकिटासोबत
पिशवीत घालून घरी आणला.

गोळी उकडलेल्या बटाट्यात. महिन्यातून एक.
आंघोळ आठवड्यातून दोनदा,
आणि फेस लावून दहा मिनिटं थांबायचं.
दहा मिनिटं म्हणजे किती असतात
ते फेसाळलेलं कुत्रं धरून बसल्याशिवाय कळत नाही.
काय बोलायचं?
मी तिला विजेचं बिल सांगितलं.
मालकाला वाटतं मला कळत नाही, पण कळतं, हेही सांगितलं.
इतवारीकडून मालगाडी गेली, तिचे डबे मोजले,
छप्पन्न, कदाचित सत्तावन्न.
अजून चार मिनिटं उरली होती.

मग बाही वर करून कोपर दाखवलं.
सोळाव्या वर्षापासून येतात हे चट्टे, जातात, येतात.
मला बघायला पाहुणे यायचे तेव्हा
आईनं तीन ब्लाउज शिवले होते लांब बाह्यांचे,
भर उन्हाळ्यात.
पाहुण्यांतली एक बाई पोह्यांची बशी
माझ्या हातून न घेता टेबलावरून उचलायची.
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
सांबारनं कोपर हुंगलं आणि जीभ बाहेर काढली.
अगं चाटू नको, शॅम्पू आहे!

काल ब्लेडखाली काही सापडलं नाही.
बाई म्हणाल्या, हे एकदा झालं.
महिन्यानं परत बघू, तेव्हाही नाही सापडलं
तरी गोळी लगेच थांबवायची नाही.
आणि कातडी सावरली की ऑपरेशन, पुढच्या माजाच्या आत.
मी पानं उलटत डिसेंबरपर्यंत गेले,
कॅलेंडर तिथंच संपलं.

डोळ्याभोवती काहीतरी उगवतंय,
आधीपेक्षा जरा गडद, उलट्या दिशेनं.
पराते काका विचारतात, "झाली का वं बरी?"
मी सांगते, सध्या गप्प आहेत.
"कोण?"
सांबार मागच्या पायानं कान खाजवते.
मी मोजते.
चारदा. मग थांबते.
कान खाजतो कधी कधी,
नुसताच.